महाद्वार आणि मनाची साक्ष



पंढरीत पोचल्यावर आपला क्रम ठरलेला असतो. आधी चंद्रभागा, मग पुंडलिकराय, मग महाद्वार. बारी फार लांब गेली असेल आणि पाय थकले असतील, तर नामदेव पायरीवर डोके ठेवायचे, कळस पाहायचा आणि वारी पोचली म्हणायचे. पायरीच्या समोरच चोखोबारायांची समाधी आहे. तिथेही आपण टेकतो. या दोन ठिकाणांमधले अंतर केवढे? लहान मूल दहा उड्यांत ओलांडील. पण तेवढे अंतर ओलांडायला सहाशे वर्षांहून जास्त काळ लागला, हे आपल्या ध्यानात आहे का?

मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ ची ही गोष्ट. नामदेवराय तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर ठेवल्या, असे आपली परंपरा सांगते. समाधी झाली, तिची पूजा होऊ लागली, चोखोबांचे अभंग कीर्तनात म्हटले जाऊ लागले. आणि चोखोबांच्याच जातीचा वारकरी मात्र त्या समाधीपर्यंत यायचा, तिथून कळसाला हात जोडायचा आणि मागे फिरायचा. हे १९४७ पर्यंत चालले.

माउली, इथे जरा थांबा. या सहाशे वर्षांत जे लाखो लोक महाद्वारातून आत गेले ते काही दुष्ट नव्हते. आपलेच पणजोबा-खापरपणजोबा होते ते. एकादशी करणारे, मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारे. चोखोबांच्या अभंगाने त्यांच्या डोळ्यांना पाणी येत होते, ते पाणी खोटे नव्हते. मग बाहेर थांबलेल्या माणसाकडे पाहून त्यांना काहीच कसे वाटले नाही? मला सुचणारे उत्तर एकच. सगळे तसेच करत होते. जे सगळे करतात त्याचे कारण विचारायची गरज कोणाला वाटत नाही. कारण विचारणारालाच लोक विचारतात, तू कोण मोठा लागून गेलास?

हा प्रश्न १९४६ साली पांडुरंग सदाशिव साने यांना विचारला गेला. साने गुरुजी आपल्याला ठाऊक आहेत ते 'श्यामची आई'मुळे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते लिहून घेत. आपल्या घराघरांत असलेली 'गीता प्रवचने' त्यांच्याच हातून उतरली. रडणारा, हळवा माणूस अशीच त्यांची ओळख झाली आहे. पण तुरुंगात जाण्याआधी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहिले होते, तत्त्वज्ञान शिकलेले होते आणि तिथल्याच शाळेत त्यांनी काही वर्षे मुलांना शिकवले होते, हे आपण विसरतो. डोळ्यांत पाणी आणि डोक्यात तर्क ही दोन्ही एका माणसात नांदू शकतात. आपल्या संतांकडे पाहिले तर याचे नवल वाटायचे कारण नाही.

स्वराज्य दाराशी आले होते. अशा वेळी गुरुजींनी जाहीर केले की, पंढरीचे मंदिर सर्वांना खुले झाले नाही तर आपण प्राणांतिक उपोषण करू. चारही बाजूंनी माणसे त्यांच्यावर नाराज झाली. सनातनी मंडळी तर संतापलीच. राजकारणातले म्हणाले, देश स्वतंत्र होतो आहे, दंगली पेटल्या आहेत, ही कसली वेळ? ज्यांच्यासाठी हे चालले होते त्यांच्यातही उत्साह होताच असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह चालवला होता. पाच वर्षे दार उघडले नाही, तेव्हा १९३५ साली येवल्याला त्यांनी हिंदू धर्मच सोडण्याची घोषणा केली होती. देवळाच्या दारासाठी आता कोण ताटकळत बसणार, असे त्यांच्या अनुयायांनी म्हणावे यात चूक काय होती? उशीर आपल्याकडून झाला होता.

सेनापती बापटांनी मध्यस्थी केली. लोकांना आधी समजावून सांगा, त्यांना वेळ द्या, असे त्यांचे म्हणणे पडले. गुरुजींनी ते मानले, उपोषण सहा महिने पुढे ढकलले आणि १९४७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत महाराष्ट्रभर हिंडले. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले गाणी म्हणत बरोबर होती. गावोगाव सभा झाल्या, कितीतरी ठिकाणी देवळे आणि पाणवठे खुले झाले. या दौऱ्याला मी उपोषणापेक्षाही जास्त मान देतो. स्वतःला खात्री पटली म्हणून दुसऱ्यालाही पटलीच पाहिजे, असे हट्टी माणूस धरून चालतो. विचार करणारा माणूस आपला विचार दहा जणांपुढे ठेवतो, त्यावर उठणारे प्रश्न ऐकून घेतो, उत्तरे देतो. त्या महिन्यांत गुरुजींनी किती शिव्या ऐकल्या असतील आणि किती प्रश्न!

ते प्रश्न आपणही आज नीट ऐकले पाहिजेत. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय निरूपण होत नाही, हे कीर्तनकाराला सांगायला नको. पहिला आक्षेप होता रूढीचा: शेकडो वर्षे जे चालत आले ते वाडवडिलांनी काही विचार करूनच ठरवले असेल. दुसरा शास्त्राचा. तिसरा वहिवाटीचा, म्हणजे मंदिर ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचा हक्क. आणि चौथा, सर्वांत वजनदार, बहुमताचा: पंढरीला येणाऱ्या बहुतेकांना हे नको आहे, मग थोड्यांसाठी अनेकांचे मन का दुखवायचे?

आता एकेक पाहू. रूढी म्हणावी, तर पंढरीची रूढी कोणती? वाळवंटात एकमेकांच्या पाया पडायचे, जात न विचारता गळाभेट घ्यायची, ही रूढी की दारात जात विचारायची ही? दोन्ही जुन्याच. वाळवंटातला नियम मंदिराच्या पायरीशी का थांबतो, याचे कारण रूढी स्वतः देऊ शकत नाही; ते बाहेरूनच आणावे लागते. स्पर्शाने देव विटाळतो म्हणावे, तर ज्याला आपण पतितपावन म्हणतो तो पतिताच्या स्पर्शाने अपवित्र कसा होईल? यांपैकी एक काहीतरी सोडावे लागेल, एक तर विटाळ किंवा देवाचे ते नाव. चंद्रभागेच्या पाण्यात सगळेच उतरतात, त्याच पाण्याचा तांब्या मंदिरात जातो. आणि अनर्थ होईल ही भीती म्हणावी, तर तिची परीक्षा होऊन गेली होती. त्रावणकोर संस्थानातली मंदिरे १९३६ साली सर्व हिंदूंना खुली झाली, मदुरेचे मीनाक्षी मंदिर १९३९ साली. तिथे आकाश कोसळले नव्हते.

हे तर्क काही मोठे अवघड नाहीत. शेतात राबणाऱ्या माणसालाही पाच मिनिटांत समजतील असे आहेत. अवघड होते ते समजल्यावर चारचौघांत उभे राहून बोलणे. विचार करायला लागणारी बुद्धी बहुतेकांजवळ असते, पण तो विचार जिथे नेईल तिथपर्यंत एकट्याने चालत जायची तयारी थोड्यांजवळ असते.

अशी तयारी त्या वेळी आपल्यातल्याच एका वारकऱ्याने दाखवली. पंढरपुरात उपोषणाला जागा मिळणे कठीण झाले होते. विरोध मोठा होता, गावात राहायचे तर गावाशी वाकडे घेऊन कसे चालेल? अशा वेळी कुशाबा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. गुरुजी बाहेरून आलेले होते, काम झाले की जाणारे होते. तनपुरे महाराजांना तिथेच, त्याच लोकांत, त्याच गळ्यांतल्या माळांत आयुष्य काढायचे होते. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एखादी ओळ मिळते. माझ्या मते त्यांनी ओढवून घेतलेले संकट गुरुजींच्या संकटाच्या तोडीचे होते.

१ मे १९४७ ला उपोषण सुरू झाले. उन्हाळ्याचे दिवस, पंढरीचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. गुरुजींची प्रकृती मुळात तोळामासा. या दिवसांत त्यांच्यावर सर्वांत मोठा घाव आला तो विरोधकांकडून नव्हे. गांधीजींची तार आली, उपोषण सोडा. गांधीजींपर्यंत जी माहिती गेली होती तिच्यावरून त्यांना हे उपोषण अनावश्यक वाटत होते. गुरुजींच्या दृष्टीने गांधीजी म्हणजे देवासारखे, आयुष्य त्यांच्याच शब्दावर ओवाळून टाकलेले. सनातन्यांच्या विरुद्ध उभे राहणे त्या मानाने सोपे. ज्याच्या पायांशी आपण बसलो त्याला 'नाही' म्हणणे किती जड असेल! आपले गुरू, आपले फडकरी, आपले वडील यांच्याशी कधी मतभेद झाला असेल, तर माउली, त्या रात्री झोप कशी लागत नाही ते आपण जाणता. गुरुजींनी नम्रपणे कळवले आणि उपोषण चालू ठेवले. पुढे दादासाहेब मावळंकर पंढरपुरात आले, बोलणी झाली, बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई सरकारचा मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

उपोषणाच्या मार्गाबद्दल माझ्या मनात आजही थोडी शंका आहे, ती लपवत नाही. मरायला टेकलेल्या माणसाकडे पाहून जो 'हो' म्हणतो, त्याला विचार पटलेला असतो की तो घाबरलेला असतो? मात्र आधीचे ते दौऱ्याचे महिने नसते, तर ही शंका फार मोठी झाली असती.

आता कथेचा दुसरा भाग, जो सहसा सांगितला जात नाही. मंदिर सर्वांना खुले होणार म्हटल्यावर काही सनातनी मंडळींनी मंत्रविधीने मूर्तीतले देवत्व पाण्याच्या घागरीत काढून घेतल्याचे जाहीर केले. काही वारकऱ्यांनी गाभाऱ्यात जाणे कायमचे सोडले. नामदेव पायरीपर्यंत यायचे आणि परत फिरायचे.

माझे आजोबा त्यांच्यातले एक.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा चाललो ते १९५८ साली, आठ वर्षांचा होतो. आजोबा आणि आजी, दोघांची वारी जुनी. वाखरीला उभ्या रिंगणात आजोबांनी मला खांद्यावर घेतले होते. पंढरीत पोचल्यावर आजी बारीला लागली आणि आजोबा माझा हात धरून पायरीपाशी थांबले. आपण आत का जात नाही, मी विचारले. ते म्हणाले, "सगळं जग गेलं तरी मी जायचा नाही." ते वाक्य ऐकून माझी छाती फुगली. सगळे एका बाजूला आणि माझा आजा एका बाजूला! लहानपणी याहून मोठा पराक्रम मला ठाऊक नव्हता.

पुढे कॉलेजात गेल्यावर त्यांना कारण विचारले. "आपल्या वाडवडलांनी केलं नाही," एवढेच उत्तर. चोखोबांचा अभंग म्हणताना तुम्हाला रडू का येते, असे विचारले तेव्हा ते गप्प बसले. मग रागावले. मग दोन दिवस बोलले नाहीत.

माउली, इथे मला गाठ पडली ती सुटायला बरीच वर्षे गेली. १९४६ मध्ये गुरुजी थोड्यांतले होते. १९५८ मध्ये माझे आजोबा थोड्यांतले होते. दोघेही लोकांच्या विरुद्ध गेले, दोघांनीही मोल दिले. देवाच्या पायांवर डोके ठेवण्याचे सुख आजोबांनी मरेपर्यंत स्वतःला नाकारले, हे काय लहान मोल आहे? प्रवाहाविरुद्ध जाणारा तो विचारी, असे मानले तर दोघांनाही एकाच मापाने मोजावे लागेल. आणि तसे मोजायला मन तयार होत नाही.

यात मला वाट दाखवली तुकोबारायांनी. आपल्या आयुष्याची हकिगत सांगणारा त्यांचा एक अभंग आपल्या सर्वांना पाठ आहे, म्हणून येथे देत नाही. खऱ्याखोट्याच्या निवाड्याला आपण मनाला साक्षीदार केले, बहुतांचे मत प्रमाण धरले नाही, असे ते त्यात सांगतात. हे वचन आजकाल कोणीही आपल्या हट्टाच्या पुष्टीसाठी वापरतो. पण त्या अभंगात ते वचन कितव्या जागी येते ते पाहा. आधी दुष्काळ येतो, बायको अन्नावाचून जाते, व्यापारात तोटा येतो. मग मोडके देऊळ दुरुस्त करणे येते. मग अभ्यास नसताना संतांची वचने विश्वासाने पाठ करणे, दुसऱ्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरणे, संतांचे चरणतीर्थ घेणे, जमेल तसा परोपकार करणे. एवढे सगळे सांगून झाल्यावर ते मनाच्या साक्षीची गोष्ट काढतात. दुःखाने, अभ्यासाने आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडून जे मन घासून निघाले, ते त्यांनी साक्षीला उभे केले.

आणि साक्षीदार म्हटला की उलटतपासणी आली. गुरुजींनी आपल्या मनाची उलटतपासणी गावोगावच्या सभांत होऊ दिली, शेवटी गांधीजींच्या तारेपुढेही होऊ दिली. माझ्या आजोबांनी आपला साक्षीदार कधी पिंजऱ्यात उभाच केला नाही. मी विचारू लागलो तेव्हा त्यांनी दार लावून घेतले. ते जगाच्या विरुद्ध गेले खरे, पण वाडवडिलांच्या गर्दीतून बाहेर पडलेच नाहीत. जिवंत गर्दीला 'नाही' म्हणाले आणि मेलेल्या गर्दीला 'हो'. हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही.

त्या अभंगात पुढे आणखी एक गोष्ट आहे. लोकांचा निषेध झाला, आघात झाला, वह्या बुडवल्या गेल्या, तेव्हा तुकोबा देवाच्या दारी धरणे धरून बसले. मन साक्ष देत असूनही त्यांनी निकाल स्वतःच्या हाती घेतला नाही. माझे काही चुकले का, हे विचारायला ते बसले. पुढे रामेश्वरभटांसारखा विद्वान विरोधकही त्यांच्या पायांशी आला, ही कथा आपल्या परिचयाची आहे. रामेश्वरभटांचेही कौतुक मला तितकेच वाटते. चारचौघांत घेतलेली भूमिका चारचौघांत मागे घेणे हे आजोबांना जमले नाही, मलाही अनेकदा जमलेले नाही.

आजी मात्र दर वर्षी आत जात असे. मंदिर खुले झाल्यानंतरच्या पहिल्या आषाढीलाही गेली होती. आजोबांनी विचारले तेव्हा ती म्हणाली होती म्हणे, "देव बाटायचा असता तर माझ्यासारखीच्या हातानं कधीच बाटला असता." वाद तेवढाच. तिला अक्षर ओळख नव्हती. उपोषणाबद्दल तिने कोणा कीर्तनकाराकडून ऐकले होते, गुरुजींचे नाव तिला 'सानेमहाराज' असे माहीत होते.

बारीतून बाहेर आली की ती पदराच्या गाठीतून देवाच्या पायांवरची तुळस आणि बुक्का काढायची. आजोबा पायरीपाशी माझा हात धरून उभे असायचे. ती पुढे यायची, बोट बुक्क्यात बुडवायची. आजोबा टोपी काढायचे, डोळे मिटायचे आणि कपाळ पुढे करायचे.